वाकडी ओळ

कालिना, तो लेझर आधी बंद कर, डोळ्यांत जातो.
आणि फाइल मीट जरा.
तुझ्या फाइलीत जिला ‘जाणूनबुजून मोडलेली रेघ’ म्हटलंय,
ती मी मोडली.
तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून सातव्या खिडकीच्या वर,
त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी.

खाण बंद झाली त्या वर्षी मी खालून वर आलो.
चौदा वर्षं काळ्यात काढल्यावर
कुणी हातात गुलाबी टाइल दिली
तर माणूस आधी पुसून बघतो.
मी पुसली.
गुलाबीच होती.

काटोव्हित्सेत तेव्हा गुलाबी म्हणजे जीभ,
नाहीतर बारशाच्या केकवरची साखर.

रेम्बिशबाई लाल बूट घालून परांचीवर चढायच्या.
चपलांच्या दुकानाला ग्रीक देवळाचं कपाळ,
आणि दोन मजले उंच एक खांब,
जमिनीपासून हातभर वर थांबलेला.
मी विचारलं, बाई, हा उभा कशावर?
म्हणाल्या, उभा नाही, छताला लटकलाय.
मग याला खांब कशाला म्हणायचं?
म्हणाल्या, तुम्हीच म्हणालात ना, आत्ता.

इटलीहून आलेल्या पेट्यांत अकरा टाइल्स कमी निघाल्या.
सोमवारी उद्घाटन: नगराध्यक्ष, बँड, फीत.
मी कडेच्या कापल्या, ओढूनताणून जमवल्या.
सकाळपासून माझा कान खालच्या टेलिफोनकडे होता,
ओळंब्याकडे नव्हता.
रेघ अडीच बोटं घसरली.
बाईंनी रस्त्यावरून पाहिलं.
म्हटलं, गेली मजुरी.
त्या हसल्या. बराच वेळ.
मग म्हणाल्या, राहू दे.

राहू दे.
माफ केलं? आवडली?
की त्यांना पाचची गाडी पकडायची होती?
पुढे त्यांनी गोदामंच बांधली म्हणे, पत्र्याची, सरळ.
विचारायचं राहिलं.

सेवेरिन क्मितांनी वर्तमानपत्रात लिहिलं:
पावसात विसरलेला केक. नाकापेक्षा मोती जड.
खाणकामगारांच्या शहराची थट्टा.
थट्टा माझी, पण कळली त्यांना.
क्राकूफहून आलेल्या दुसऱ्या एकानं लिहिलं
की ती घसरलेली ओळ म्हणजे
सरळ रेषेच्या हुकूमशाहीला दाखवलेल्या वाकुल्या.
ते कात्रण मी पाकिटात ठेवलं.
गेर्टाला वाचून दाखवलं तर म्हणाली,
वाकुल्या? तू?

लोक नाकं मुरडत आत जायचे
आणि बूट घेऊन बाहेर यायचे.

मग मॉल आला. दुकान गेलं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
इथं वासे होते कुठे, सगळं प्लास्टर.
गुलाबीवर काजळी बसली.
शाळेतली पोरं म्हणायची, किडका दात.
‘पाडा’ म्हणून सह्या घेत होते तेव्हा मीही केली.
खरं सांगतो, केली.
दोन महिन्यांनी ‘वाचवा’वरही केली.
तुझ्याच वयाच्या मुलीनं पेन पुढे केलं होतं,
थंडी होती, तिची बोटं निळी पडली होती.
क्मितांची सही माझ्यावरच होती, थरथरती.
केक म्हणालो तेव्हा फार भूक लागलेली असायची,
असं काहीतरी पुटपुटले.

आणि आता तू
माझ्या चुकीची मापं घेतेस, मिलिमीटरमध्ये.
राहिलेल्या अकरा टाइल्स कारखान्यानं आत्ता पाठवल्या,
तर म्हणतेस, त्या लावायच्या नाहीत,
मूळ रचनेत त्या नव्हत्या.
बरं.

पण वर बघ, तुझा तो पोरगा.
तासभर झाला, ओळंबा धरून वाकडं लावतोय
आणि जमत नाहीये त्याला,
हात सरळच जातो.
त्याला म्हणावं, अशी ओळ मापानं येत नाही.
त्यासाठी खाली टेलिफोन वाजावा लागतो,
आणि कुणीतरी ओरडून सांगावं लागतं
की मुलगी झाली,
चार वाजून दहा मिनिटांनी,
दोघी ठीक आहेत.